अकराची तालीम

बाबांना पहिली मुख्य भूमिका आवाजामुळे नाही, पाठीमुळे मिळाली. त्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात नायक नायिकेला दोन्ही हातांवर उचलून एका उंच जिन्यावरून गात गात खाली उतरायचा. आधीच्या नायकाचा गळा उत्तम होता, पण ऐन तालमीत त्याच्या कमरेत उसण भरली, आणि नायिका अंगाने चांगली भरलेली होती. कंपनीच्या मालकांनी कोरसमधल्या पोरांकडे बघून विचारलं, "हिला उचलून कोण दाखवतो?" बाबा तेव्हा दिवसा चपलांच्या दुकानात काम करायचे. गोदामातली खोकी उचलून उचलून खांदे तयार झाले होते. त्यांनी नायिकेला उचललं, जिना उतरले, आणि उतरताना गाणंही म्हटलं, कारण ते सगळ्यांनाच पाठ होतं. खाली पोचल्यावर त्यांना साधा दमही लागला नव्हता.

मालक म्हणाले, "गातोसही की बरा."

हा किस्सा बाबा आयुष्यभर सांगत राहिले. दर वेळी त्यात नायिकेचं वजन थोडं वाढायचं.

नाटक इतकं चाललं की लोक त्याचं खरं नाव विसरले. सगळे त्याला 'जिन्याचं नाटक' म्हणायचे, आणि त्यातल्या भूमिकेवरून बाबांना 'युवराज'. दूधवाला त्यांना युवराज म्हणायचा, बँकेतला कारकून म्हणायचा. आई एका शाळेत गणित शिकवायची आणि तिला नाटकाचं फारसं कौतुक नव्हतं. ती रागावली की म्हणायची, "युवराज, कचऱ्याचा डबा खाली नेऊन ठेवता का?" बाबा डबा नेऊन ठेवायचे, तोही कमरेत किंचित झुकून.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपर्यंत ते बोलत नसत. गळा राखायचा म्हणून. घर खुणांवर चालायचं. टेबलावर दोन टिचक्या म्हणजे चहा, कानाची पाळी ओढली म्हणजे रेडिओ बंद कर, हवेत काढलेलं वर्तुळ म्हणजे माझा चष्मा कुठे गेला. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचेच वडील काही दिवस मुके असतात.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर नाट्यगृहात जायची. छापखान्याच्या मागच्या बोळात त्याचं हिरवं दार होतं. आत शिरलं की सरस, पावडर आणि तापलेल्या दिव्यांवरची धूळ, असा एकच एक वास यायचा. मी विंगेत एका पेटाऱ्यावर बसून नाटक बघायची. तिथून जिना संगमरवरी दिसत नसे. प्लायवूडवर मारलेले कुंचल्याचे फराटे दिसत. बाबांच्या मानेवर पावडर जिथे संपायची ती रेघ दिसायची. पण ते गायला लागले की जिना कशाचा आहे याच्याशी मला काही देणंघेणं उरत नसे. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. तो घाई न करता शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायचा आणि तिथल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचा. माझ्या बालपणातलं एकच काहीतरी परत मिळेल असं कुणी सांगितलं, तर मी पेटाऱ्यावरची ती जागा मागेन.

पुढे कितीतरी वर्षं बाबा नायकच राहिले. खलाशी झाले, वकील झाले, राज्य गमावलेला राजा झाले, डोंगरातला पोस्टमन झाले. समीक्षक लिहायचे की यांना अभिनय येत नाही, रागावले तरी गोडच दिसतात. ते खरं होतं. मग हळूहळू अंगरख्याखाली पोट आवळणारा पट्टा आला. नायिका तरुण होत गेल्या. एक तर शाळेत माझ्या वर्गात होती. तिला उचलून जिना उतरताना बाबा मधल्या पायरीवर एक श्वास जास्त घ्यायला लागले, आणि ते मला आणि साथ करणाऱ्या पियानोवाल्या काकांनाच कळायचं. काका तेवढ्या जागेत दोन सूर जास्त वाजवायचे.

अखेर मालकांच्या मुलाने त्यांना युवराजाच्या वडिलांची भूमिका दिली. बाबांनी ती मुकाट्याने घेतली. पण महिन्याभरात नवा नायक तक्रार घेऊन आला. "मी गात असतो तेव्हा हे विंगेत उभे राहून ओठ हलवतात. माझं गाणं मला माझं वाटत नाही." बाबांनी त्याची माफी मागितली आणि त्या मोसमानंतर काम सोडलं.

मी तोवर डॉक्टर झाले होते. कान, नाक आणि घसा. लोक म्हणायचे, मुलीने घरचाच धंदा पुढे चालवला. म्हणूनच बाबांचा आवाज बसला तेव्हा तो मीच तपासला. पहिल्या नजरेतच मला कळलं. त्यांनाही माझ्याकडे बघून कळलं.

"काढावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा. सगळंच."

"मग एकदा जिन्याचं गाऊन घेतो."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही नाट्यगृहात गेलो. तिथे आता फक्त शनिवार-रविवारी काहीबाही व्हायचं. जिना दारातून बाहेर निघत नव्हता, म्हणून तो मंचाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. काकांनी पियानोवरचं कापड काढलं. आई पहिल्या रांगेत बसली, निवृत्तीनंतर घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. बाबा कठड्याला धरून वर चढले, वळले, आणि बसलेल्या आवाजात पूर्ण गाणं गात खाली उतरले. हात त्यांनी पुढे धरले होते, कुणालातरी उचलल्यासारखे. शेवटच्या पायरीवर त्यांनी ते अलगद खाली केले. आईने लाल पेन बंद केलं आणि नाक पुसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या गुरूंनी ऑपरेशन केलं.

स्वरयंत्र काढल्यावर माणूस गळ्याखालच्या छिद्रातून श्वास घेतो. छातीतली हवा तोंडापर्यंत येत नाही. फुंकर मारता येत नाही, शीळ घालता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. काढलेला भाग मी स्वतः हातात घेऊन पाहिला होता, आणि तो तपासणीला गेला तेव्हा बरणीवरची चिठ्ठीही मीच लिहिली होती. त्या दिवसानंतर माझ्या वडिलांना गाता येणं शक्य नव्हतं.

घरी मात्र आम्हाला नवं काही शिकावं लागलं नाही. दोन टिचक्या म्हणजे चहा, हवेत वर्तुळ म्हणजे चष्मा. फक्त आता दुपारनंतर ते बोलायला लागत नसत, एवढाच फरक.

काही महिन्यांनी पियानोवाले काका माझ्या दवाखान्यात आले. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझे कान तपास. बिघडलेत की नाही तेवढंच सांग. बाकी काही विचारू नकोस."

मी तपासले. त्यांच्या वयाच्या मानाने कान फार चांगले होते. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"खात्रीने चांगलेत?"

"खात्रीने. काय होतंय तुम्हाला?"

ते बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले. सकाळी ते नाट्यगृहात जाऊन पियानो वाजवायचे. किल्ली त्यांच्याकडेच असे, आणि घरी सून कटकट करायची. "अकराच्या सुमारास," ते म्हणाले, "युवराज गातो."

वय झालेल्या माणसांना, विशेषतः ज्यांचं आयुष्य संगीतात गेलं त्यांना, नसलेलं गाणं ऐकू येतं. हा प्रकार आम्हाला शिकवलेला असतो. मी त्यांना तो समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"असेल तसं," ते उठत म्हणाले. "पण मग मी साथ करतो तेव्हा तो माझ्यासाठी थांबतो कशाला?"

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. काही ऐकू आलं नाही. काका ओशाळले. मला हायसं वाटलं. घरी आल्यावर आई म्हणाली की आज बाबांना बरं नव्हतं, सकाळभर झोपूनच होते. "नाहीतर अकराला बसतात गॅलरीतल्या खुर्चीत. डोळे मिटून, ताठ. आधी मला वाटलं डुलकी घेतात. पण मान कशी ताठ राहील झोपेत?"

मी दोन दिवस तो विषय डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवून पुन्हा नाट्यगृहात गेले. मधल्या रांगेत बसले आणि आईला फोन लावला. "बाबांचा श्वास बघायचाय, तू त्यांच्या जवळ थांब," असं सांगितलं. ते तसं खोटंही नव्हतं.

मंचावर एकच दिवा होता. त्याचा उजेड जिन्याच्या अर्ध्यापर्यंत पोचत होता. काका पियानोपाशी बसले होते, हात मांडीवर.

"खुर्चीत बसले," आई फोनवर म्हणाली. "डोळे मिटले."

मग जिन्याच्या वरच्या टोकाकडून गाणं सुरू झालं.

तो बसलेला आवाज नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऐकलेला नव्हता आणि निवृत्तीच्या वेळचाही नव्हता. मी पेटाऱ्यावर बसून ऐकायची तो होता. काकांचे हात आपोआप पट्ट्यांवर गेले. आवाज एकेक पायरी उतरत खाली येत होता. पाय वाजत नव्हते. मी ध्वनिक्षेपक शोधले, ते बंद होते, त्यांच्या तारा भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मी उठून विंगेत गेले. तिथे पेटारा होता, दोरखंड होते. मंचावर कुणी नव्हतं.

"आई," मी फोनमध्ये हळू म्हटलं, "त्यांच्या खांद्याला हात लाव जरा."

"आत्ता?"

"हो. आत्ता."

आवाज एका शब्दाच्या मधोमध तुटला.

काकांचे हात दोन सूर पुढे गेले आणि थांबले.

"दचकले ना गं ते," आई म्हणत होती. "कशाला उगीच उठवायला लावलंस?"

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बोट करून कानाची पाळी ओढली, हसत. रेडिओ बंद कर. या वेळी तो मीच केला होता. मीही हसले. आमच्यात त्यावर याहून जास्त बोलणं कधीच झालं नाही, आणि आईला तर मी काहीच सांगितलं नाही. ती हिशेबी बाई. तिने मला सुट्टी घ्यायला लावली असती.

त्यानंतरचं वर्ष, मी कबूल केलं पाहिजे, फार सुखाचं गेलं. कारण शोधायचं मी सोडून दिलं. दवाखान्यातून वेळ मिळाला की मी बोळातल्या हिरव्या दाराने आत जायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. खलाशाची गाणी झाली, वकिलाची झाली, पोस्टमनचं ते पत्र हरवल्याचं गाणं झालं, जे ऐकून शाळेत असताना मी हमसून हमसून रडले होते. काका म्हणायचे, "आज स्वारी खुशीत आहे," किंवा "आज वरचा सूर जपून लावला, रात्री झोप नसेल झाली." मी घरी जाऊन विचारायची, तर खरंच झालेली नसायची. आवाज तसाच यायचा, घाई न करता, आणि शेजारी येऊन बसायचा. मी कधी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं नाही.

बाबा गेले ते सकाळीच. चहा पिऊन गॅलरीत बसले, आणि आई भाजी घेऊन आली तेव्हा मान कललेली होती. चेहरा शांत होता. माझ्या सहकाऱ्यांनी हृदय म्हटलं, मीही तेच लिहून घेतलं.

त्या दिवशी काका नाट्यगृहात होते. नंतर त्यांनी मला सांगितलं की बाबा जिना उतरत होते. शेवटच्या पायरीपर्यंत आले, गाणं पूर्ण झालं. "कुठे तुटलं नाही," ते म्हणाले. "ते तुला सांगायचं होतं."

मग सगळं शांत झालं. काका रोज जायचे आणि एकटेच वाजवून परत यायचे. मीही दोनदा जाऊन बसले. रिकामं नाट्यगृह किती रिकामं असतं ते मला तेव्हा कळलं. आई धीराची. तिने बाबांचे कपडे नीट घड्या घालून देऊन टाकले, खुर्ची मात्र गॅलरीतून हलवू दिली नाही. सकाळची कामं आटपली की ती तिथे पेपर घेऊन बसायची. मला वाटलं, सावरते आहे.

पावणेदोन-दोन महिने गेले असतील. काकांचा फोन आला.

"येऊन जा," ते म्हणाले. "सुरू झालंय. पण ते जुनं नाही."

मी गेले. काका पियानोपाशी होते, पण हात पट्ट्यांवर नव्हते. आवाज मंचाच्या मधोमध होता. तोच, तरुण. तो एक ओळ गात होता आणि चुकत होता.

चुकला की थांबायचा. पुन्हा सुरुवातीपासून. तिसऱ्या शब्दावर अडायचा, तो शब्द दोन-तीन तऱ्हांनी लावून बघायचा. मग बराच वेळ शांतता, कुणाचंतरी ऐकून घेतल्यासारखी. मग पुन्हा, आणि या वेळी बरोबर.

"कुठल्या नाटकातलं आहे?" मी विचारलं.

"मी वाजवलेलं नाही. त्याने केलेलं सगळं मी वाजवलंय." काकांनी मंचावरून नजर हटवली नाही. "आठ दिवस झाले. बसवतोय. कुणीतरी त्याच्याकडून बसवून घेतंय."

ओळ पुन्हा आली. आता ती पक्की झाली होती. तिच्यानंतर आवाज थांबला.

या वेळी तो अडला नव्हता. काका मांडीवर बोटांनी ताल मोजत होते. ताल चालू राहिला, आणि बरोबर एका ओळीएवढी जागा सोडून आवाजाने पुढची ओळ धरली. पुन्हा तेवढीच जागा. पुन्हा ओळ.

"दोघांचं गाणं आहे," काका म्हणाले. "दुसरी बाजू मोकळी सोडतोय."

मी उठले. बाहेर बोळात ऊन होतं, छापखान्याची यंत्रं चालू होती. मी चालत घरी गेले.

दार उघडंच होतं. गॅलरीत खुर्ची रिकामी होती, खाली पेपर पडला होता. आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. कपबशा पुसत होती आणि गुणगुणत होती.

माझ्या आईला मी कधीही गाताना ऐकलेलं नव्हतं. मला झोपवतानासुद्धा ती पाढे म्हणायची.

ती ओळ मला माहीत नव्हती. ती किती लांब आहे ते माहीत होतं.

"कुठलं गाणं गं हे?" मी विचारलं.

"कोण जाणे. आठ दिवस झाले, तोंडात बसलंय." तिने कप फळीवर ठेवला, फडकं झटकून दांडीवर टाकलं. "एवढंच येतंय पण. पुढचं उद्या सांगतो म्हणाले हे."